तापमानवाढ : संशयाचा इतिहास आणि अग्रक्रमांचा वाद



सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हवामानशास्त्र हा माझा विषय नाही. मी शिकवलं ते तत्त्वज्ञान, त्यातही मुख्यतः तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा. एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे असं केव्हा म्हणायचं, शंका केव्हा घ्यायची, वाद कसा करायचा आणि तो संपला असं केव्हा मानायचं, एवढ्यापुरताच माझा अधिकार. त्यामुळे पुढच्या पन्नास वर्षांत काय होईल याचं भाकीत मी करणार नाही. तापमानवाढीवर गेली सव्वाशे वर्षं जो वाद चालू आहे, त्या वादाचा इतिहास सांगणार आहे. शंका कोणी घेतल्या, कशासाठी घेतल्या आणि त्यांचं पुढे काय झालं, एवढंच.

हे सांगायचं कारण असं. हा विषय निघाला की सुशिक्षित घरांतसुद्धा तीन वाक्यं एका दमात ऐकू येतात. पहिलं, तापमान वाढतंय हे कशावरून? दुसरं, वाढत असलं तरी ते माणसामुळेच कशावरून, निसर्गात चढउतार होतच असतात. आणि तिसरं, माणसामुळे असलं तरी आपल्यापुढे गरिबी आहे, पिण्याचं पाणी आहे, बेकारी आहे. ते आधी बघायचं की हे? बोलणाऱ्याला ही तीन वाक्यं एकाच माळेचे मणी वाटतात. पण पहिली दोन वस्तुस्थितीबद्दल आहेत आणि तिसरं अग्रक्रमाबद्दल. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर मोजमापाने मिळू शकतं. तिसऱ्याचं नुसत्या मोजमापाने कधीच मिळणार नाही. या दोन जातीच्या प्रश्नांची गल्लत होते आणि तिथेच वादाची गाडी अडते.

ही गल्लत सोडवायची हत्यारं आपल्या परंपरेत तयार आहेत. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांतला तिसरा संशय आणि नववा निर्णय. म्हणजे आपल्या तार्किकांनी संशयाला हलकं मानलेलं नाही. जिथे संशयच नाही तिथे चौकशी करायचं कारण काय? त्यांचं एक आवडतं उदाहरण आहे. तिन्हीसांजेला लांबवर काहीतरी उभं दिसतं. झाडाचा खुंट आहे की माणूस? हा झाला संशय. पण बघा, असा संशय आलेला माणूस जागीच बसून राहत नाही. तो चार पावलं पुढे जातो, हात दिसतात का, हालचाल होते का, ते बघतो. कोणती खूण दिसली की आपली शंका फिटेल हे त्याला ठाऊक असतं.

मग दहावा, अकरावा आणि बारावा पदार्थ येतात : वाद, जल्प आणि वितंडा. वाद करायचा तो खरं काय ते कळावं म्हणून. जल्प करायचा जिंकण्यासाठी. आणि वितंडा म्हणजे स्वतःची कोणतीच बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत राहणं. 'वितंडवाद' हा शब्द आपण मराठीत सहज वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ इतका नेमका आहे. या तीन शब्दांची चाळणी हातात ठेवू आणि इतिहासाकडे वळू.

पृथ्वीभोवतीच्या हवेमुळे ती उबदार राहते, नाहीतर ती फार थंड झाली असती, हा विचार जोसेफ फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२४ साली मांडला. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं जास्त तापलं, असं त्यांना आढळलं. वातावरणात हा वायू जास्त असता तर पृथ्वी अधिक उष्ण असती, असंही त्यांनी लिहून ठेवलं. तीन वर्षांनी, १८५९ मध्ये, लंडनला जॉन टिंडल यांनी बाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णतेची प्रारणं शोषून घेतात हे प्रयोगशाळेत काटेकोरपणे दाखवलं. आणि १८९६ साली स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी हाताने, कागदावर, महिनोन्‌महिने आकडेमोड करून सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल. त्यांना मुळात हिमयुगाचं कोडं सोडवायचं होतं. कोळसा जाळून हवा तापवायला माणसाला फार मोठा काळ लागेल असं त्यांना वाटत होतं. आणि स्वीडनच्या थंडीत राहणाऱ्या माणसाला थोडी जास्त ऊब मिळाली तर वाईट वाटायचं काही कारणही नव्हतं.

सांगायचा मुद्दा असा, की या कल्पनेचा जन्म कुठल्या चळवळीतून किंवा कुठल्या पक्षाच्या कचेरीत झालेला नाही. राजकारण पुढे पाऊणशे-शंभर वर्षांनी आलं. आधी आला तो संशय, आणि तो शास्त्रज्ञांकडूनच आला.

१९०० साली क्नुट अँगस्ट्रॉम यांनी अऱ्हेनियस यांच्यावर जोरदार आक्षेप घेतला. हेही स्वीडनचेच. ज्यांच्या नावाने लांबीचं एकक आहे ते यांचे वडील. नळीत कार्बन डायऑक्साइड भरून त्यातून उष्णतेची प्रारणं सोडायची असा प्रयोग त्यांनी करवून घेतला. वायू कमी केला तरी शोषणात फारसा फरक पडेना. म्हणजे जेवढी उष्णता हा वायू अडवू शकतो तेवढी तो आधीच अडवतो आहे. मग त्यात आणखी भर घातली तर काय बिघडलं? खिडकीला जाड काळा पडदा आधीच लावलेला आहे, त्यावर दुसरा लावला तर खोली आणखी किती अंधारी होणार?

हा आक्षेप उत्तम होता. त्यात मोजमाप होतं, आणि काय दाखवलं म्हणजे तो मागे घ्यावा लागेल तेही उघड होतं. दुसरा आक्षेपही तसाच. समुद्र एवढा अफाट आहे, माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड तो गिळून टाकेल. या दोन आक्षेपांमुळे बहुतेक शास्त्रज्ञांनी पुढची कितीतरी वर्षं अऱ्हेनियस यांचं गणित बाजूला ठेवलं. आणि त्या वेळच्या ज्ञानाच्या मानाने ते योग्यच होतं.

१९३८ साली लंडनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे जी. एस. कॅलेंडर यांनी एक निबंध वाचला. पेशाने ते वाफेवर काम करणारे इंजिनियर. हवामान हा फावल्या वेळचा छंद. जगभरच्या सुमारे दीडशे केंद्रांच्या जुन्या नोंदी जमवून त्यांनी दाखवलं की गेल्या पन्नास वर्षांत जमिनीवरचं तापमान जवळजवळ पाव अंशाने वाढलं आहे, आणि त्याचा संबंध त्यांनी कोळशाच्या धुराशी लावला. सभेला तज्ज्ञ मंडळी होती. त्यांत सर जॉर्ज सिम्प्सन होते. तरुणपणी ते आपल्याकडे सिमल्याला भारतीय हवामान खात्यात काम करून गेले होते. सिम्प्सन यांनी शंका घेतली की वातावरणात उष्णता इतक्या गुंतागुंतीने खालीवर फिरते की बाहेरच्या हौशी माणसाने एवढं सोपं गणित करून चालणार नाही. इतरांनी नोंदींच्या अचूकपणाबद्दल विचारलं. शहरं वाढली म्हणून तर तिथली उष्णता वाढली नाही ना? कॅलेंडर यांनी या शंका मनावर घेतल्या आणि पुढची पंचवीस वर्षं त्याच कामात घालवली. जाता जाता सांगतो, तापमानवाढ ही इष्टापत्ती आहे, हिमयुग लांबेल, असं त्यांचंही मत होतं. म्हणजे तथ्य आणि त्याचं मोल या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत बघा. तथ्य तेच, पण ते चांगलं की वाईट याचा निवाडा वेगळा.

मग अँगस्ट्रॉम यांच्या आक्षेपाचं काय झालं? दुसऱ्या महायुद्धानंतर अवरक्त प्रारणांची मोजणी सुधारली, संगणक आले आणि १९५६ साली गिल्बर्ट प्लास यांनी नव्याने गणित केलं. चूक कुठे होती ते कळलं. वातावरण म्हणजे एकच पडदा नाही, ते एकावर एक थरांचं बनलेलं आहे. पृथ्वीची उष्णता शेवटी अवकाशात निसटते ती वरच्या विरळ थरांतून. कार्बन डायऑक्साइड वाढला की हा निसटण्याचा थर आणखी वर सरकतो. वर हवा थंड, आणि थंड वस्तू उष्णता कमी बाहेर टाकते. म्हणून खाली उष्णता साठत जाते. जमिनीजवळची नळी कितीही भरलेली असली तरी वरचा हिशेब बदलतोच. समुद्राच्या आक्षेपाला १९५७ मध्ये रॉजर रेव्हेल आणि हान्स सूस यांनी उत्तर दिलं. समुद्राच्या पाण्याचं रसायनच असं आहे की तो हा वायू मानला होता तितक्या सहज सामावून घेत नाही. आणि १९५८ च्या मार्चपासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाईच्या मौना लोआ पर्वतावर प्रत्यक्ष मोजणी सुरू केली. सुरुवातीचा आकडा होता दहा लाख भागांत ३१३ भाग. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे.

याला मी वाद म्हणतो. न्यायसूत्रांतल्या अर्थाने. शंका आली, ती नेमकी होती, तिला उत्तर मिळायला पन्नास वर्षं लागली, पण मिळालं, आणि ज्ञान पुढे गेलं. अँगस्ट्रॉम नसते तर वातावरणाच्या थरांचा एवढा विचार कदाचित इतक्या लवकर झालाच नसता.

इथे कोणीतरी हमखास विचारतं की १९७० च्या दशकात तर हेच शास्त्रज्ञ हिमयुग येणार म्हणत होते ना? प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तर देऊ. १९४० नंतर तीसेक वर्षं उत्तर गोलार्धातलं तापमान किंचित घसरलं होतं. कारखान्यांच्या धुरातले सूक्ष्म कण सूर्यप्रकाश अडवतात, त्यामुळे हवा थंड होते. हे कण जिंकतात की कार्बन डायऑक्साइड, असा खरा प्रश्न होता. मासिकांनी थंडीच्या बातम्या रंगवल्या. पण १९६५ ते १९७९ या काळातले शोधनिबंध पुढे २००८ मध्ये मोजले गेले, तेव्हा थंडीचं भाकीत करणारे निघाले ७ आणि तापमानवाढीचं करणारे ४४. १९७९ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने अंदाज दिला की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास वाढ ३ अंश, दीड अंश इकडे किंवा तिकडे. अनिश्चितता लपवलेली नाही, आकड्यातच सांगितली आहे.

आता ते दुसरं वाक्य. हा सूर्याचा खेळ कशावरून नाही? याचंही उत्तर खुणेने द्यायचं. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. कार्बन डायऑक्साइडमुळे असेल तर खालचा थर तापेल आणि वरचा, स्थितांबर ज्याला म्हणतात तो, थंड होईल. हे भाकीत स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या गणितातून १९६७ सालीच निघालं होतं. पुढे मोजमाप झालं आणि खालचा थर तापतो आहे, वरचा थंड होतो आहे असं दिसलं. मानाबे यांना २०२१ साली नोबेल मिळालं. खुंट की माणूस, याची खूण दिसली. इथे निर्णय व्हायला हवा होता.

पण १९८८ नंतर वादाचं रूपच बदललं. त्या वर्षी जूनमध्ये जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली की तापमानवाढ सुरू झालेली आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आयपीसीसी स्थापन झाली. म्हणजे प्रश्न प्रयोगशाळेतून तिजोरीपर्यंत पोचला. कोळसा, तेल, मोटारी, वीज, सगळ्यांच्या हिशेबाशी त्याचा संबंध आला. १९८९ मध्ये तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' नावाची संघटना काढली. विज्ञान अजून अनिश्चित आहे असा प्रचार तिने वर्षानुवर्षं केला. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणायची का तेही कळत नाही. याच संघटनेच्या स्वतःच्या तांत्रिक सल्लागारांनी १९९५ साली अंतर्गत मसुद्यात लिहिलं होतं की हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया पक्का आहे, तो नाकारता येत नाही, आणि विरोधी सिद्धांत पटण्यासारखे नाहीत. हा मजकूर पुढे एका खटल्यात बाहेर आला.

ही युक्ती नवी नव्हती. १९६९ साली एका अमेरिकन सिगारेट कंपनीच्या टिपणात स्पष्टच लिहिलेलं सापडतं की शंका हाच आपला माल आहे. धूम्रपान निर्दोष आहे हे सिद्ध करायची गरज नाही, लोकांच्या मनात प्रश्न जिवंत राहिला की पुरे. हवामानाच्या बाबतीत १९९८ साली तेल उद्योगाच्या संघटनेच्या पुढाकाराने एक आराखडा तयार झाला. सामान्य नागरिकाला हवामानशास्त्रातल्या अनिश्चितता पटल्या म्हणजे आपण जिंकलो, अशी विजयाची व्याख्या त्यात दिलेली आहे. विजयाची व्याख्या! सत्य काय ते कळलं म्हणजे विजय, असं नाही. लोक संशयात राहिले म्हणजे विजय. गौतमाला वितंडेचं याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. तापमान का वाढतंय याचा दुसरा सिद्धांत मांडायचा नाही, कारण मांडला तर तो तपासला जाईल. आज सूर्य म्हणायचं, उद्या ज्वालामुखी, परवा तापमापकच सदोष. एक खोडलं की दुसरं, आणि दुसरं खोडलं की पुन्हा पहिलं.

पण थांबा. याचा अर्थ शंका घेणारा प्रत्येक माणूस विकला गेला आहे असा होत नाही. तसं म्हणणं हीसुद्धा एक प्रकारची वितंडाच. दोन उदाहरणं देतो.

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाचे रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांनी १९९० मध्ये उपग्रहांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत वाढ जवळजवळ दिसतच नव्हती. हा मोठा पेच होता. १९९८ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की उपग्रह हळूहळू खाली घसरतो, त्यामुळे नोंद बिघडते. २००५ मध्ये आणखी एक चूक सापडली. उपग्रह दिवसाच्या कोणत्या वेळी जातो ती वेळ सरकत होती, आणि तिची दुरुस्ती उलट्या दिशेने केलेली होती. क्रिस्टी आणि स्पेन्सर यांनी ती मान्य केली, मालिका सुधारली. आज त्यांच्या स्वतःच्या मालिकेतही वाढ दिसते. पुढे काय करावं याबद्दल त्यांची मतं अजूनही इतरांपेक्षा वेगळी आहेत. असू देत. आकडा सुधारला, हे महत्त्वाचं.

दुसरे रिचर्ड म्युलर, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ. तापमानाच्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता. केंद्रं शहरांत आहेत, निवड पक्षपाती आहे, असे त्यांचे आक्षेप होते. त्यांनी काय केलं? गट जमवला, सुमारे १६० कोटी नोंदी घेतल्या आणि सगळं गणित नव्याने केलं. पैशांचा काही भाग तर संशयवाद्यांना मदत करणाऱ्या एका उद्योगपतीच्या प्रतिष्ठानाकडून आलेला होता. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की अडीचशे वर्षांत जमिनीवरचं तापमान सुमारे दीड अंशाने वाढलं आहे आणि त्याला जवळजवळ पूर्णपणे माणूस कारणीभूत आहे. शंका घेतली, तपासलं, निर्णय दिला. तिसऱ्या पदार्थापासून नवव्यापर्यंतचा प्रवास पूर्ण केला.

आता आपल्या देशाकडे येऊ, कारण भारतातल्या शंकेचा इतिहास वेगळा आणि माझ्या मते अधिक बोधप्रद आहे. १९९० च्या सुमाराला अमेरिकेतल्या एका संस्थेने देशांची यादी केली आणि भारत-चीन मोठ्या दोषी देशांत आले. त्याला दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये उत्तर दिलं. तापमान वाढतंय हे त्यांनी नाकारलं नाही. हिशेबाची पद्धत नाकारली. भातशेतीतून आणि गुराढोरांमुळे निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशातल्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसा घालता? एक जगण्यासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. आणि समुद्र-जंगलं जेवढा वायू शोषतात त्यावर माणशी सारखाच हक्क का नाही?

याच वेळी आणखी एक वाद झाला. भारतातल्या भातखाचरांतून वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन निघतो असा अमेरिकन अंदाज होता. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांना तो पटला नाही. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशभर भातशेतात प्रत्यक्ष मोजणी झाली. उत्तर आलं सुमारे ४० लाख टन. जवळजवळ नवव्या-दहाव्या हिश्शाइतकं! दुसऱ्याचा आकडा पटत नाही तर खाचरात उतरा आणि मोजा. याला म्हणतात संशय.

चूक दुसऱ्या बाजूलाही होते, आणि तीही सांगितली पाहिजे. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात एक वाक्य शिरलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा मोठा संभव आहे. त्याला तपासलेल्या संशोधनाचा आधार नव्हता. ते एका संस्थेच्या पत्रकातून आणि त्याआधीच्या एका मुलाखतीच्या बातमीतून आलं होतं. २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातून त्या दाव्याला आव्हान मिळालं. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची अतिशय कडवट शब्दांत संभावना केली. पण जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला खेद व्यक्त करून ते वाक्य चुकीचं असल्याचं मान्य करावं लागलं. शंका घेणाऱ्याला आधी झिडकारलं आणि मग तोच बरोबर निघाला, तर लोकांचा विश्वास उडतो. तो भरून यायला फार वेळ लागतो. मात्र यातून हिमनद्या सुखरूप आहेत असा निष्कर्ष काढणंही तितकंच चूक. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून २०१९ साली दाखवलं गेलं की २००० नंतर हिमालयातलं बर्फ त्याआधीच्या पाव शतकाच्या दुप्पट वेगाने घटतं आहे. तारीख चुकली होती, दिशा चुकली नव्हती.

आता तिसरं वाक्य. अग्रक्रमाचं. १९७२ साली स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी विचारलं होतं की दारिद्र्य आणि गरज हेच सगळ्यात मोठे प्रदूषक नाहीत का? या प्रश्नाचा उपयोग पुढे अनेकांनी 'आधी विकास, मग पर्यावरण' असा केला. पण त्याच इंदिरा गांधींच्या काळात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. गरिबी की पर्यावरण अशी निवड त्या करत नव्हत्या. दोन्ही एकमेकांत कसे अडकले आहेत ते सांगत होत्या.

हाच प्रश्न डेन्मार्कच्या ब्योर्न लोम्बोर्ग यांनी नव्या शतकात जोरात मांडला. ते तापमानवाढ नाकारत नाहीत. त्यांनी २००४ मध्ये कोपनहेगनला आठ अर्थतज्ज्ञ जमवले. त्यांत मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती होते. ५० अब्ज डॉलर मिळाले तर कुठे खर्च करावेत, असा प्रश्न ठेवला. यादीत एड्सचा प्रतिबंध, कुपोषण, मलेरिया वर आले. हवामानाचे प्रस्ताव तळाला गेले. यावर पुष्कळ राग व्यक्त झाला. माझं म्हणणं, प्रश्न पूर्णपणे वैध आहे. मरणाऱ्या मुलाला आज औषध द्यायचं की शंभर वर्षांनंतरचा पूर टाळायचा, हे विचारायलाच पाहिजे. पण उत्तर कशावर ठरतं ते बघा. ठरतं ते एका आकड्यावर, भविष्याला आज किती किंमत द्यायची या दरावर. शंभर वर्षांनी होणारं एक लाख रुपयांचं नुकसान घ्या. दर ५ टक्के धरला तर आजच्या हिशेबात त्याची किंमत होते साडेसातशे रुपयांच्या आसपास. दर १.४ टक्के धरला तर जवळजवळ २५ हजार. २००६ साली ब्रिटनच्या निकोलस स्टर्न यांच्या अहवालात असाच कमी दर होता, म्हणून त्यांनी तातडीने खर्च करा म्हटलं. विल्यम नॉर्डहाउस आणि इतरांनी वरचा दर घेतला, म्हणून त्यांनी हळूहळू चढत जाणारा उपाय सांगितला. विज्ञान दोघांचं एकच! फरक आहे तो पणतूच्या नुकसानाला आपण किती मोजतो याचा. हे गणित नाही, नीती आहे. आणि नीतीचा प्रश्न अर्थशास्त्राच्या एका टक्केवारीत दडवला की सामान्य माणसाला तो दिसतच नाही.

शिवाय 'आधी हे, मग ते' असं म्हणताना दोन रांगा वेगळ्या आहेत असं आपण धरून चालतो. त्या वेगळ्या आहेत का? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये भारतापुरता अहवाल तयार केला. १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला, आणि मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना मात्र वाढल्या. आता सांगा, पावसाचं हे बिघडलेलं वेळापत्रक कोणाच्या दारात आधी उभं राहतं? कोरडवाहू शेतकऱ्याच्या, उन्हात काम करणाऱ्या मजुराच्या, पत्र्याच्या घरात राहणाऱ्याच्या. गरिबी आधी बघू म्हणणाऱ्याने हे गरिबीच्याच वहीत लिहायला हवं. त्याचबरोबर याचं दुसरं टोकही खरं आहे. ज्या घरात अजून चुलीचा धूर आहे त्या घराला उत्सर्जन कमी करा म्हणणं हा अन्याय आहे. १९९२ च्या रिओ परिषदेत 'सामाईक पण वेगवेगळी जबाबदारी' हे तत्त्व मान्य झालं ते याचसाठी. आणि १९९७ मध्ये क्योटोच्या आधी अमेरिकन सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आम्हीही करार मानणार नाही. तिथेही वस्तुस्थितीचा वाद नव्हता. वाद होता पैसे कोणी द्यायचे याचा.

हे ओळखणं हाच आजच्या बोलण्याचा सगळा अर्थ. कोणी शंका व्यक्त केली तर तिला झिडकारू नका. शांतपणे एक प्रश्न विचारा : काय दिसलं म्हणजे तुमची शंका फिटेल? त्याच्याकडे उत्तर असेल तर तो म्युलर यांच्या किंवा मित्रांच्या जातीचा माणूस आहे, त्याच्याशी वाद करा, तुम्हीही शिकाल. उत्तर नसेल, प्रत्येक उत्तरावर तो विषयच बदलत असेल, तर ती वितंडा आहे, तिथे शक्ती घालवू नका. आणि शंकेच्या आडून कोणी खरं तर असं म्हणत असेल की मला खर्च परवडत नाही, किंवा माझ्या गावाला आधी पाणी हवं, तर त्याला ते मोकळेपणाने म्हणू द्या. ती लाजिरवाणी गोष्ट नाही. त्या प्रश्नावर लोकशाहीत मत देता येतं, भांडता येतं, तडजोड करता येते. तापमापकावर मत घेता येत नाही.

एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं की हा वाद आपण सावकाश करत बसलो तरी दुसरी बाजू थांबत नाही. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतकं तिथेच राहतो. न्यायशास्त्रात वाद संपेपर्यंत खुंट खुंटच राहतो आणि माणूस माणूसच. इथे मात्र आपण निर्णय लांबवतो त्या प्रत्येक वर्षी ज्याच्याबद्दल वाद आहे तीच गोष्ट मोठी होत जाते. आणि लांबणीवर टाकण्याची किंमत जे मोजणार आहेत, त्यांतले पुष्कळ जण या सभागृहात नाहीत. काही तर अजून जन्माला यायचे आहेत.

इथे थांबतो. प्रश्नोत्तरांना वेळ राखून ठेवला आहे. शंका जरूर विचारा. फक्त ती कशाने फिटेल तेही सोबत सांगा.